झाकण लावलेला कॅमेरा

घाटगे बाई गेल्याचा फोन त्यांच्या मुलाने केला. अभय आता बाहेरच्या देशात असतो, इंग्रजीतच बोलतो. "आंटी, आई पास्ड अवे," एवढं म्हणाला आणि मग इस्पितळाचं, गावाकडे न्यायचं, कोण कोण आलं होतं त्याचं सांगत राहिला. मी हं हं करत होते. गॅसवर आमटी होती, ती उतू जाऊ नये म्हणून एका हाताने ढवळतही होते. फोन ठेवल्यावर मी आमटी उतरवली, पानं घेतली, यजमानांना सांगितलं. काही वाटलं नाही. बाई असत्या तर त्यांना त्यात वावगं दिसलं नसतं.

बाईंना मी कधी रडताना पाहिलं नाही. हसतानाही फारसं नाही. ही तक्रार नव्हे आणि कौतुकही नव्हे. आखातातल्या रास अल खैमात आम्ही दोघींनीही कितीतरी गोष्टी काही न वाटता पार पाडल्या. तिथल्या उन्हाळ्यात माणसाचं असंच होतं. घरातून गाडीत, गाडीतून कामावर, जिथे जाल तिथे एसीची तीच घरघर, आणि मधल्या चार पावलांत ऊन असं, की डोकं आपोआप बंद पडावं. माझे यजमान सिमेंटच्या कारखान्यात. संध्याकाळी यायचे, जेवायचे, झोपायचे. मीही तशीच. बरं चाललं होतं.

आमचं केंद्र म्हणजे एका शिंप्याच्या दुकानावरच्या चार खोल्या. भारतातल्या एका विद्यापीठाचा बी.एड.चा अभ्यासक्रम तिथे चालायचा. विद्यार्थिनी बहुतेक तिथेच वाढलेल्या आपल्याकडच्या मुली. घरी आई मराठीत, मल्याळममध्ये नाहीतर उर्दूत बोलणार आणि या इंग्रजीत उत्तर देणार. शिक्षिका व्हायचं हे काहीजणींचं स्वप्न होतं. काहीजणींना घरातून परवानगीच तेवढी होती. मी गणिताची अध्यापनपद्धती शिकवायचे. घाटगे बाईंचा विषय होता शैक्षणिक तंत्रज्ञान.

नाव भारदस्त. प्रत्यक्षात तंत्रज्ञान म्हणजे एक ओव्हरहेड प्रोजेक्टर, एक टीव्ही, कॅसेट नुसती बघता येईल पण भरता येणार नाही असा एक व्हीसीपी, आणि खांद्यावर घ्यायचा एक जाडजूड व्हिडिओ कॅमेरा. या सगळ्या यंत्रांवर बाईंचा पोटच्या पोरांसारखा जीव होता असं म्हणायची पद्धत आहे, पण तसं काही नव्हतं. त्या ती वेळच्या वेळी पुसत, वायरी गुंडाळून ठेवत, बस्स. सुती साडी, तिच्यावर तपकिरी स्वेटर, कारण त्या खोलीतला एसी एक तर चालू असायचा नाहीतर बंद, मधलं काही नाही. बाई मूळच्या गडहिंग्लजच्या. बोलणं थोडं आणि सपाट. एखादी मुलगी पाठ बिघडला म्हणून मुसमुसायला लागली की म्हणायच्या, "वाटायचं ते नंतर वाटेल. आधी काम." मुलींनी त्याचं हिंदी केलं होतं आणि मागच्या बाकावर त्यांची नक्कल चालायची. बाईंना ते माहीत होतं.

ही नुसती बोलण्याची लकब नव्हती हे मला घाटगे साहेब गेले तेव्हा कळलं. ते एका बांधकाम कंपनीत होते. साइटवरच छातीत दुखायला लागलं आणि दवाखान्यात पोचेपर्यंत संपलं. बाई त्यांना घेऊन गावी गेल्या, सगळं उरकून परत आल्या, आणि आल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी खोलीत कॅमेऱ्याची काच पुसत उभ्या होत्या.

मी म्हटलं, "बाई, अजून थोडे दिवस थांबायचं होतं."

"मुलींचे पाठ राहिलेत."

"अहो, पण..."

"सरिता, वाटायचं ते नंतर वाटेल," त्या म्हणाल्या आणि काचेवर फुंकर मारली. त्यांचा व्हिसा साहेबांच्या नावावर होता. केंद्राने तो आपल्याकडे घेतला नसता तर अभयला चालू शाळेतून काढून परत जावं लागलं असतं. तेवढं काम त्यांनी त्याच दिवशी दुपारी संचालकांपुढे बसून करून घेतलं. ते 'नंतर' कधी येतं याची मी पुढे बरीच वर्षं वाट पाहिली.

शिकवायच्या कशा, तर त्यांची स्वतःची रीत होती. बी.एड.ला सूक्ष्म अध्यापन म्हणून एक प्रकार असतो. एकीने पाच मिनिटांचा पाठ घ्यायचा, बाकीच्या मुलींनी लहान वर्गातली मुलं व्हायचं. बाई तो पाठ कॅमेऱ्यात घ्यायच्या आणि मग टीव्हीवर तीनदा दाखवायच्या. पहिल्यांदा आवाज बंद करून. "तोंड नसलं तर तुम्ही काय शिकवता ते बघू." मग दिसायचं की ही बया पाच मिनिटं फळ्याशीच बोलतेय, नाहीतर हातातला खडू एका हातातून दुसऱ्या हातात टाकतेय. दुसऱ्यांदा आवाज चालू, पण टीव्हीवर टेबलक्लॉथ. बाईंनी शाळेत असताना भरलेला, पोपटांचा. पोपट बघत नुसतं ऐकायचं. आपण किती वेळा 'ओके' म्हणतो, मुलाचं उत्तर पुरं व्हायच्या आत कसं तोडतो, सगळं उघडं पडायचं. तिसऱ्यांदा चित्र आणि आवाज दोन्ही. मुली सर्वांत जास्त घाबरायच्या त्या पोपटांना.

यंत्राचं अवडंबर मात्र त्यांनी कधी माजवू दिलं नाही. एकदा परीक्षेच्या पाठाच्या वेळी प्रोजेक्टरचा बल्ब गेला. संचालक साहेब धावत आले, "मॅडम, नया बल्ब दुबई से आएगा, डेढ सौ दिरहम, मतलब पंद्रह सौ रुपया, एक्झाम पोस्टपोन करो." जिचा पाठ होता ती मुलगी पांढरीफटक. बाईंनी खिडकीचा पडदा बाजूला ओढला, मुलीच्या हातातली पारदर्शक शीट घेतली आणि काचेवर चिकटवून टाकली. हृदयाचे चारही कप्पे लख्ख दिसायला लागले. "एवढं ऊन फुकट आहे," त्या संचालकांना मराठीतच म्हणाल्या. संचालक लखनौकडचे. त्यांना काय कळलं कोण जाणे, पण परीक्षा पुढे गेली नाही.

आता पुसण्याबद्दल सांगायला हवं.

परकारभाई म्हणून एक गृहस्थ होते. कोकणातले, दापोलीजवळचे. बंदरावर क्रेन चालवायचे. त्यांची मुलगी तस्नीम आमच्याकडे आली त्या वर्षीची गोष्ट. एक दिवस ते चपला दाराबाहेर काढून आत आले आणि उभ्या उभ्याच म्हणाले, "बाई, तुमी पोरींची शूटिंग करता ना?"

"पाठाची करते."

"तस्नीमची नको."

बाईंनी त्यांना बसायला खुर्ची दिली. मी वह्या तपासत होते. परकारभाईंनी मग कारण सांगितलं. त्यांच्या मेहुणीच्या लग्नाची कॅसेट दुबईच्या बर दुबई भागातल्या एका दुकानात कॉपी काढायला दिली होती. पुढे ते एका ओळखीच्या माणसाला भेटायला कामगारांच्या कॅम्पात गेले, तर खोलीत ती कॅसेट लागलेली. "जेवता जेवता बघत होते. कोनाचं लगीन हाय त्यांना ठावं पन नव्हतं. माझ्या घरातल्या बायका, आनि हे भात कालवतायत." ते हे अजिबात चिडून बोलले नाहीत. त्या दिवसापासून घरातल्या कुणालाच त्यांनी कॅमेऱ्यापुढे जाऊ दिलं नव्हतं.

बाई म्हणाल्या, "कॅमेऱ्याशिवाय माझं शिकवणं होत नाही. पण पाठ तिला दाखवून झाला की मी पुसून टाकीन. तिच्यासमोर. चालेल?"

"शब्द?"

"शब्द."

परकारभाई खुर्चीतून उठले आणि म्हणाले, "मग हरकत नाय." बाईंनी दुसऱ्या दिवसापासून तो नियम सगळ्याच मुलींना लावला. एकीला एक, दुसरीला एक असं त्यांना जमत नसे.

व्हीसीपीवर काही भरता येत नव्हतं, म्हणून पुसायचं कॅमेऱ्यानेच. कॅसेट मागे न्यायची, कॅमेऱ्यात घालायची, काचेवर झाकण लावायचं आणि रेकॉर्डिंग सुरू करायचं. पाठाच्या जागी काळोख भरला जायचा. पाच मिनिटांचा पाठ, वर दोन-तीन मिनिटं खबरदारी म्हणून. तेवढा वेळ करायचं काय, तर बाई थर्मासमधला बिनदुधाचा सुलेमानी चहा दोन कपांत ओतायच्या. ती मुलगी आणि बाई, मध्ये लाल दिवा लागलेला कॅमेरा. त्या वेळात पाठाबद्दल बोलायचं नाही असा दंडक होता. मग मुली बाकीचं सगळं बोलत. कुणाला बघायला येणार होते, कुणाला हे शिकायचंच नव्हतं, कुणाची आई गावाला गेली ती परतच येईना. बाई फारसं काही म्हणायच्या नाहीत. म्हणूनच बोलत असाव्यात.

तस्नीम तशी घाबरट. पण तिने घेतलेला बाष्पीभवनाचा पाठ मी पाहिलेला आहे. तिने आपला पंजा पाण्यात बुडवला आणि प्रोजेक्टरवरच्या कोऱ्या शीटवर दाबला. भिंतीवर थेंबाथेंबांचा मोठा थोरला हात उमटला. बाई यंत्रात पाणी जाईल म्हणून खुर्चीतून अर्ध्या उठल्या होत्या, त्या तशाच थांबल्या. दिव्याच्या उष्णतेने तो हात कडेकडेने वाळत गेला. चौथीतली मुलं झालेल्या त्या थोराड मुली खरोखरच तोंड उघडं टाकून बघत होत्या. तस्नीम एक शब्द बोलली नाही. हात पूर्ण गेल्यावर तिने विचारलं, "वेअर डिड माय हँड गो?"

कधी कुणाला बरं न म्हणणाऱ्या बाई म्हणाल्या, "हे मला सुचलं नसतं." मग पाठ तीनदा दाखवला, झाकण लावलं आणि पुसला.

त्या सुट्टीत तस्नीम गावी गेली. काविळीचं निमित्त झालं. आधी झाडपाला, मग तालुक्याचा दवाखाना. परकारभाई इथे. कंपनीच्या ताब्यातला पासपोर्ट मिळेपर्यंत, तिकीट निघेपर्यंत आणि मुंबईहून गाडीने गावात पोचेपर्यंत तिचं दफनसुद्धा झालं होतं. त्यांना तिचं तोंड दिसलं नाही.

ही बातमी मला शिंप्याने जिन्यातच सांगितली. वर गेले तर बाई नव्या वर्षाचं वेळापत्रक फळ्यावर लिहीत होत्या. त्यांनाही कळलं होतं. त्यांनी मला विचारलं की मंगळवारचा तास बदलून चालेल का, आणि मी हो म्हटलं.

परकारभाई परत आले ते तसेच दारात चपला काढून. दाढी पांढरी झालेली. बसले नाहीत.

"बाई, एक इचारू? तस्नीमची ती शूटिंग... चुकून एखादी ऱ्हायली असंल तर."

बाई म्हणाल्या, "नाही राहिली."

"सगळ्या पुसल्या?"

"सगळ्या. तुम्हाला शब्द दिला होता."

ते मान हलवत राहिले. "बरोबर," म्हणाले, "बरोबर केलंत. मीच बोललो व्हतो." चहा घेता का विचारलं, तर नको म्हणाले. जिन्यात चपलांचा आवाज लांब जाईपर्यंत बाई उभ्या होत्या. मग खाली बसल्या आणि कॅमेऱ्याचं झाकण काढून परत लावलं. विनाकारण. मी त्यांना विनाकारण काही करताना पहिल्यांदाच पाहिलं.

नव्या तुकडीच्या पहिल्या आठवड्यात बाई स्वतःच्या एका नमुना पाठाची कॅसेट दाखवत असत. जपून ठेवलेली अशी ती एकच. मीही त्या दिवशी मागे जाऊन बसले होते. पहिल्यांदा आवाज बंद करून दाखवून झाली. मध्ये वीज गेली आणि आली. व्हीसीपीमधून कॅसेट काढून परत घालताना टेबलावरच्या दुसऱ्याच कॅसेटीला हात गेला असणार. पुसलेल्या कॅसेटींवर त्या नाव घालत नसत. टीव्हीवर पोपट टाकलेले. बाईंनी आवाज वाढवला आणि म्हणाल्या, "आता नुसतं ऐका."

कपबशीचा आवाज झाला. चमचा ढवळल्याचा. मग एक मुलगी म्हणाली, "मॅडम, इसमें शुगर नहीं है." आणि बाईंचा आवाज, "साखर संपलीय. तसाच घे."

मुली खुदखुदल्या. बाईंनी टेबलक्लॉथ काढला. पडदा काळा होता. त्या काळ्या पडद्यातून गेल्या वर्षीची एक मल्याळी मुलगी आपल्या आत्याबद्दल सांगत होती.

मी बाईंकडे बघितलं. दर वर्षी टीव्ही झाकून मुलींना नुसतं ऐकायला लावणारी ही बाई, आणि झाकण लावलेला कॅमेरा ऐकत असतो हे तिच्या कधी लक्षात आलं नव्हतं. माझ्याही नाही. काळी कॅसेट लावून बघायची कुणाला गरज पडली होती? बाईंनी आवाज पूर्ण बंद केला, "आजचा तास इथेच," म्हणाल्या आणि मुली गेल्यावर कपाट उघडलं. आत पुसलेल्या कॅसेटी नीट रचून ठेवलेल्या होत्या. गेल्या तुकडीनंतर एकही वापरली नव्हती. पण प्रत्येकीवर त्याच त्या जागी एकीनंतर एक अशा कितीतरी मुलींचे पाठ घेतलेले, पुसलेले. शेवटी जिची पाळी आली तिचाच काळोख उरलेला असणार. तस्नीम कुठल्या कॅसेटवर शेवटची होती का, हे कुणालाच सांगता येणार नव्हतं.

मी म्हटलं, "निम्म्या माझ्याकडे द्या. मी घरी व्हीसीआरवर ऐकते."

"नको."

"लवकर होईल हो."

"त्या मुली तुझ्याशी बोलल्या नव्हत्या, सरिता."

तास संपले की त्या दार लावून बसायच्या. खालून शिंप्याच्या यंत्राची खडखड यायची. मी बाहेर वह्या तपासत थांबायचे, कारण घरी जाऊनही काही वेगळं करायचं नव्हतं. दार उघडून बाहेर आल्या की त्या नुसती मान हलवायच्या, नाही म्हणून. एकदा मी विचारलं, "नसेलच तर?" त्या म्हणाल्या, "नसेल तर नसेल. परकारांना आपण काही सांगितलेलं नाही." पण त्यांच्या डोळ्यांखाली काळं दिसायला लागलं होतं, आणि एका तासाला त्या मुलींना 'आधी काम' म्हणायचंही विसरल्या.

शेवटी एक दिवस दार लवकर उघडलं. "आहे," म्हणाल्या.

मी उभी राहिले.

"बापाबद्दल बोललीय थोडं. कंजूस म्हणालीय."

"तेवढं पुसता येईल का?"

बाईंनी माझ्याकडे बघितलं. "पुसणं आता बास झालं," त्या म्हणाल्या. चहाच्या चमच्याची दांडी घातली आणि कॅसेटच्या कडेची प्लास्टिकची छोटी पट्टी कटकन तोडून टाकली. ती तुटली की त्या कॅसेटवर दुसरं काही भरता येत नाही.

बाईंच्या निरोपावरून परकारभाई शुक्रवारी नमाजानंतर आले. मी मागच्या बाकावर बसावं असं बाईंनीच सांगितलं होतं. बाई म्हणाल्या, "भाई, चित्र नाही. चित्र मी पुसलं. पण पुसताना ती माझ्याशी बोलत होती, तो आवाज राहिलाय. हे मला ठाऊक नव्हतं. तुम्हाला नको असेल तर मी लावत नाही."

"लावा," ते म्हणाले.

टीव्ही काळाच होता. चहा ओतल्याचा आवाज आला. मग तस्नीम. ती परीक्षेबद्दल, कुणाच्या तरी ओढणीबद्दल भराभर बोलत होती, तोंडात बिस्कीट असावं तशी. परकारभाई पडद्याकडे एकटक बघत होते. तिथे काहीच नव्हतं, तरी ते नजर हलवत नव्हते.

"मॅडम, प्लीज जल्दी छोडिए ना. अब्बा नीचे गाडी में बैठे हैं. इतनी गर्मी में एसी ऑफ करके बैठते हैं. टू सेव्ह पेट्रोल. सो कंजूस, आय टेल यू." आणि ती हसली. चांगली मोठ्याने.

परकारभाई पुढे वाकले. "एसी बिघडलेला गो," ते टीव्हीला म्हणाले. "पेट्रोलसाठी नाय. बिघडलेला. तुला बोललो नाय."

तस्नीम तोपर्यंत पुढच्या कशाबद्दल तरी बोलायला लागली होती.

बाईंनी कॅसेट संपू दिली. मग न विचारता मागे नेली आणि पुन्हा लावली. मी तेवढ्यात उठून बाहेर जिन्यात आले. मला उन्हाची झळ लागली आणि मग कळलं की मी रडते आहे. उघड्या दारातून दिसलं, बाई रडत नव्हत्या. त्या टीव्हीशेजारी बटणावर बोट ठेवून उभ्या होत्या, पुन्हा लागलं तर मागे न्यायला. निघताना परकारभाईंनी कॅसेट खिशात बसेना म्हणून शर्टाच्या आत घातली.

पुढे कॉम्प्युटर आले. संचालकांनी कॉम्प्युटरला जोडायचा नवा प्रोजेक्टर घेतला, मुली रंगीत स्लाइडी करायला लागल्या. बाई तेही शिकल्या, बिनतक्रार. फक्त म्हणायच्या, "स्लाइड पुढे गेली म्हणजे मुलगा पुढे गेला असं नाही." केंद्र शारजाला न्यायचं ठरलं तेव्हा त्यांनी नोकरी सोडली. अभय तोवर पुण्याला इंजिनिअरिंगला होता. गडहिंग्लजला परत जाते म्हणाल्या.

जायच्या आदल्या दिवशी मी डबा घेऊन गेले. खोली रिकामी झालेली. टेबलावर तो जुना कॅमेरा, झाकण लावलेला, लाल दिवा चालू. समोर बाई, आणि दोन कप.

"काय करताय?"

"माझा नमुना पाठ पुसते आहे," त्या म्हणाल्या. "नियम सगळ्यांना सारखा. बस. चहा घे."

मी बसले. कॅमेरा ऐकतो आहे हे आता आम्हा दोघींनाही माहीत होतं, त्यामुळे मला काही बोलणं सुचेना. बाईंनीच सुरुवात केली. पोहोचल्यावर विहिरीचा पंप दुरुस्त करायचा आहे, अभयला कारली आवडत नाहीत पण माझ्या हातची खातो, असं काहीबाही. मग कपाकडे बघत म्हणाल्या, "यांचे फोटो आहेत माझ्याकडे. पुष्कळ आहेत. आवाज नाही. खूप आठवून बघते, सरिता. शब्द आठवतात. आवाज येत नाही."

मी त्यांच्या हातावर हात ठेवला. त्यांनी तो काढला नाही. थोड्या वेळाने "झालं," म्हणाल्या आणि बटण दाबलं. कॅसेट बाहेर काढली, चमच्याच्या दांडीने कडेची पट्टी तोडली आणि ती माझ्यापुढे धरली.

"अभयने कधी मागितली तर दे. नाही मागितली तर राहू दे. आपण होऊन सांगू नकोस."

मग त्यांनी कपबश्या विसळल्या, पोपटांच्या टेबलक्लॉथची घडी करून पिशवीत घातली आणि खोलीचा दिवा बंद केला. जिन्यात त्यांच्यामागे उतरताना मला नुसता तपकिरी स्वेटर दिसत होता. बाहेर उकळतं ऊन, आणि बाई तो काढायला विसरल्या होत्या.

परवाच्या फोनवर अभयने काही मागितलं नाही. सगळं सांगून झालं, मी जपून राहा म्हटलं, त्याने थँक यू आंटी म्हटलं. फोन ठेवता ठेवता तो थांबला.

"आंटी, कॅन यू से समथिंग इन मराठी? एनिथिंग. आई बोलायची तसं."

तेव्हा मी काहीतरी बोलले, जेवलास का वगैरे. बाईंचा आवाज मला कुठून येणार? आमटी ढवळत होते, कॅसेटचं सुचलं नाही. आज सकाळी कपाट उघडून कॅसेट बाहेर काढली. त्याचं ते बोलणं मी मागणंच धरलं आहे. संध्याकाळी त्याला फोन करायचा आहे.